निळ्या रंगाखालचं शिसव

सोमवार, २२ नोव्हेंबर १९७१

ईद झाली. नियाज पुण्याला कारखान्यात परत गेला आणि जाताना ईदी म्हणून ही वही माझ्या हातात ठेवून गेला. म्हणाला, "अम्मी, दिवसभर अब्बांशी जे भांडतेस ते ह्यात लिहीत जा. शेजाऱ्यांना तेवढीच शांतता." लेक असा तोंड वर करून बोलतो, तो कुणाच्या वळणावर गेलाय ते मी लिहायला नको.

घरात आमची दखनी चालते, पण माझी शाळा मराठी, सातवी पास झाले तीही मराठीत. लिहायचं म्हटलं की मला मराठीच येतं. तेव्हा ह्या वहीत सगळ्यांना मराठी बोलावं लागेल, आमच्या ह्यांनासुद्धा.

आमचे हे म्हणजे हैदर. नगरला झेंडीगेटला आमचं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. गोरे साहेब देश सोडून निघाले तेव्हा ह्यांनी लष्करी कॅम्पातल्या बंगल्यांमधून टेबलं, खुर्च्या, कपाटं उचलली. तेव्हापासून नगर जिल्ह्यात कुठल्या कचेरीला जुनं लाकूडसामान विकायचं झालं की आधी हैदरभाईंना बोलावतात. दारातून एक नजर टाकतील आणि लाकूड कुठलं, वय किती, भाव काय, सगळं सांगून मोकळे. 'हैदरची नजर' असं बाजारात म्हणतात. आमच्या दुकानात भांडवल म्हणाल तर तेवढंच आहे, बाकी सगळं ढेकणांसकट विकाऊ आहे.

पण रमजानच्या आधीपासून ह्यांनी मला दुकानात बसवायला सुरुवात केली, आणि खोटं कशाला बोलू, मला ते काम झकास जमलं. साग कुठला, शिसव कुठलं, देवदाराला रंग फासून साग म्हणून कोण खपवतोय, सगळं कळायला लागलंय. हे मात्र सुस्तावलेत. गिऱ्हाईक आलं तरी खुर्चीतून उठत नाहीत. "रजिया, तू बघ. रजिया, तू सांग." मी सांगितलं की मान डोलावतात. बायको हुशार निघाली की नवरा मुसळासारखा एका जागी बसतो, दुसरं काय.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

आज भिंगारहून एक लिहायचं टेबल आलं. ह्यांनी जागेवरूनच माझी परीक्षा घेतली. "रेघा कशा आहेत? सरळ की लाटालाटांच्या? गाठ आहे का? खण ओढून बघ, आतलं लाकूड बाहेरच्यासारखंच आहे का?" मी सगळं नीट सांगितलं.

मग स्पिरिटची खूण शिकवली. उघड्या शिसवावर स्पिरिटचा बोळा घासला की कापूस जांभळा होतो. सागावर घासला तर पिवळट. पॉलिशवाल्यांना हे माहीत असतं, पण विकणारा कधी सांगत नाही. मी बोळा घासून ह्यांच्या नाकासमोर धरला.

"जांभळा झाला ना?" ह्यांनी विचारलं.

"समोर धरलाय की! दिसत नाही का?"

"मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मास्तर झाले असते तर पोरांनी शाळाच सोडली असती. पण टेबल अस्सल शिसवी निघालं आणि ते मी ओळखलं, हे इथे ठळक लिहून ठेवते.

रविवार, २८ नोव्हेंबर

देवळाली प्रवराहून राधाकृष्ण नावाचा एक तरणा सेक्रेटरी आला होता. त्यांची ऊस वाहतुकीची सोसायटी आहे, टायरगाडीवाल्यांची. जुन्या एका गोऱ्या कंपनीची कचेरी त्यांनी सामानासकट विकत घेतली. आता त्यांना लोखंडी टेबलं हवीत, चकचकीत. जुनं लाकूड काढायचंय. मुंबईचा एक शेठ सगळ्याचे मिळून अकराशे देतो म्हणाला. म्हणे जंगली लाकूड आहे, जळणाच्या भावानं जाईल.

"आमच्या अण्णांनी अजून त्याला सबुद दिलेला न्हाई," राधाकृष्ण म्हणाला. "एकोनीस तारखेला शेठ पैसं घिऊन येनार हाय. त्याच्या आदी हैदरभाईंची नजर फिरली म्हंजी आमाला बी झोप लागल. तुमी म्हनाल तसं. दाखला मात्र लिहून पायजे, सभेत वाचावा लागतो."

मला वाटलं हे टुणकन उठतील. तर म्हणाले, "माझं वय झालं. दुसरा कुणी बघा."

मी मधे पडले. म्हटलं, "येतील हो ते. एकोणीसला येतील." राधाकृष्ण गेल्यावर चांगलं झापलं. मुंबईच्या शेठला घाबरलात का म्हटलं. तर म्हणाले, "एकदा चारचौघांत पारख चुकली, की नाव गेलं. नाव गेलं की दुकान गेलं. नियाज अजून कच्चा आहे, रजिया. मग आपण खायचं काय?" आणि पुढे म्हणाले, "तू बरोबर येशील? तर जातो."

मी! सोसायटीच्या सभेत पारख करायला! वरवर म्हटलं, बघू, घरात कामं पडलीत. आत मात्र उकळी फुटत होती.

बुधवार, १ डिसेंबर

आज दोन गोष्टी झाल्या. एक, दुकानातलं स्टूल मी झाडताना बाजूला ठेवलं होतं, त्याला धडकून ह्यांनी नडगी फोडून घेतली आणि वर माझ्यावरच खेकसले, "वस्तू जागच्या जागी ठेवत जा!" एवढं मोठं स्टूल. बैलसुद्धा वळसा घालून गेला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे संध्याकाळी म्हणाले, "वर्तमानपत्र तू वाचून दाखव. तुझा आवाज छान आहे." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आवाज छान असल्याचं आज कळलं. मीही मग सगळं वाचलं, बाजारभावापासून हरवल्याच्या जाहिरातीपर्यंत.

शनिवार, ४ डिसेंबर

लढाई सुरू झाली. कॅम्पातून गाड्या चालल्या आहेत, दिवसभर धुरळा. काचांना काळे कागद लावायचा हुकूम आहे. दिवेलागणीला दिवे लावायचेच नाहीत.

मी दोनदा धडपडले, एकदा उंबऱ्याला आणि एकदा पाटाला. हे मात्र भर दुपारी फिरावं तसे घरभर फिरत होते. मोरीजवळच्या माठातून तांब्या भरून आणला आणि माझ्या हातात दिला, थेंब सांडला नाही. "तुमचे डोळे मांजराचे," म्हटलं. एवढी शाबासकी मी सहसा देत नाही, पण हे हसलेसुद्धा नाहीत.

शुक्रवार, १० डिसेंबर

गुडघा दुखतोय म्हणून सकाळी हे एकटेच दवाखान्यात गेले. मी येते म्हटलं तर नको म्हणाले. आले ते तोंड उतरवून. औषध काय दिलं विचारलं तर खिशातून एक इवलीशी बाटली काढली, थेंबाथेंबानं टाकायची. वर सगळं इंग्रजीत. गुडघ्यावर थेंब टाकून काय होणार? डॉक्टर नवशिका असणार. मी सुंठ आणि एरंडेलाचं तेल गरम करून गुडघ्याला चोळलं. "बरं वाटतंय," म्हणाले. वाटणारच.

शुक्रवार, १७ डिसेंबर

लढाई जिंकली. शेजारच्या छबूबाई पेढे घेऊन आल्या, दारात फटाके फुटले, आम्ही काचांवरचे काळे कागद फाडून काढले. नियाजचं पत्रही आलं, खुशाल आहे.

हे खुर्चीत बसून फटाक्यांचे आवाज ऐकत होते. म्हटलं बाहेर या, रोषणाई तरी बघा. "तू बघ आणि मला सांग," म्हणाले. पुन्हा तेच. पेढा मात्र त्यांनी बरोब्बर शोधला.

परवा देवळाली. मी हिरवी साडी इस्त्री करून ठेवली आहे.

सोमवार, २० डिसेंबर

काल लिहिलं नाही. हात उठला नाही. आज सगळं लिहिते, आणि नीट क्रमानं लिहिते.

एस.टी.तून उतरताना ह्यांनी माझा दंड धरला तो सोडलाच नाही. पंचवीस वर्षांत रस्त्यानं कधी दोन पावलं बरोबरीनं चालले नाहीत, आणि इथे परगावात दंड धरून! मला मेलीला लाज वाटली, आणि थोडं बरंही वाटलं. हिरव्या साडीचा गुण असावा असं मी मनात म्हटलं. असं माझं डोकं.

कचेरीच्या दारातच वास आला, ऑइल पेंटचा. आत पाऊल टाकलं. सगळं निळं! मोठ्या खोलीत मधोमध एक प्रचंड टेबल, दोन्ही बाजूंना खण असलेलं, दोन साहेब समोरासमोर बसून लिहीत असतील असं. त्याच्यामागे गोल फिरणारी खुर्ची. भिंतीला कागद ठेवायच्या चौकोनी कप्प्यांचं कपाट. टेबल निळं, खुर्ची निळी, कपाट निळं. आकाशी, झगझगीत.

चेअरमन भिमाजीअण्णा सतरंजीवरून उठले. अंगानं पहिलवान माणूस, पटक्याचा तुरा ताठ. आनंदानं चेहरा फुललेला.

"या हैदरभाई! या भाभी! बगा, तुमी येनार म्हनून समदं नवं करून ठिवलंय. पोरांनी रातंदिस काम केलं. अवो, बैल बाजाराला न्यायचा तर शिंगं रंगवल्याबिगर नेतो का कुनी? मग म्हनलं, ह्यांनी काय पाप केलंय?"

आता ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुटणार, असं मला वाटलं. जुन्या लाकडाला नखभर रंग लागला तरी हे जेवायचे नाहीत. हे नाक वर करून उभे राहिले आणि हसून म्हणाले, "अण्णा, लाल रंग बैलाच्या शिंगालाच शोभतो हो. टेबलाला नाही."

राधाकृष्णाने टेबलाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. मुंबईचा शेठ कोपऱ्यात खुर्चीवर बसला होता, सोनेरी काड्यांचा चष्मा, मांडीवर चामड्याची पिशवी. त्यानं मान वर केली.

आणि मी पुन्हा त्या निळ्या टेबलाकडे बघितलं. स्टूल. वर्तमानपत्र. अंधारातला तांब्या. गुडघ्याचे थेंब, अल्ला, गुडघ्याचे थेंब! "तू बघ, तू सांग." सगळं एका क्षणात माझ्यापुढे उभं राहिलं. ओरडून रडावंसं वाटलं. पण समोर पंचवीसेक टायरगाडीवाले बसले होते आणि तो शेठ हसायच्या तयारीत होता.

मी मोठ्यानं म्हटलं, "आमच्या मालकांना राग आला की सगळं लालच दिसतं. अण्णा, तुम्ही लाकडाला काय केलंत हो हे!" माणसं हसली. हसण्याच्या गडबडीत मी ह्यांचा हात धरून टेबलाच्या कडेवर ठेवला. त्यांनी माझा अंगठा एकदा दाबला. मला कळलंय हे त्यांना कळलं.

मग आम्ही कामाला लागलो. एरवी मी जशी बडबडते तशीच बडबडत राहिले, फक्त जरा मोठ्यानं. "हा कोपरा. हा खाली मोठा खण, ह्याची कडी पितळी, काळी पडलेली. रंग वरवर आहे, खणाच्या आत पोचलेला नाही." ह्यांनी तो खण पूर्ण बाहेर ओढला, मांडीवर उलटा घेतला आणि सांध्यावरून बोट फिरवलं. फळीत फळी अडकवलेली, पारव्याच्या शेपटीच्या आकाराची दातरी. खिळा एकही नाही. दाते सगळे सारखे नव्हते, म्हणजे यंत्राचे नव्हते, हाताने कापलेले होते. खणाचं लाकूड ह्यांनी तळहातावर तोललं. खिशातला चाकू काढून मागच्या बाजूला एक बारीक ओरखडा काढला आणि खण नाकाशी नेला. किती वेळ हुंगत बसले! नंतर चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी ईदपासून पाहिलं नव्हतं.

"रजिया, बोळा काढ."

तेवढ्यात शेठ उठला. "एक मिनिट. हैदरमियाँ, बोळा नंतर. आधी समोरच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर महिना कुठला लिहिलाय तेवढं वाचून दाखवा."

मी काहीतरी बोलणार होते, पण ह्यांनी हातानंच मला थांबवलं, खण खाली ठेवला आणि उभे राहिले.

"शेठ, मला दिसत नाही," हे म्हणाले. असं म्हणाले जसं कुणी आपलं गाव सांगतं. "चार-पाच महिने झाले. माणूस उभा आहे एवढं कळतं, रंग कळत नाही. बाजारात कुणाला सांगितलं नाही, घरातही नाही. आज सांगतो."

"घ्या!" शेठ सभेकडे वळला. "आंधळ्याच्या दाखल्यावर सोसायटी चालवणार तुम्ही?"

"थांबा, माझं संपलं नाही," हे म्हणाले. "मला तर दिसत नाही. तुम्ही हे टेबल रंग द्यायच्या आधी उजेडात पाहिलंत, सोनेरी चष्म्यातून पाहिलंत, आणि जंगली लाकूड म्हणालात. म्हणजे एक तर तुम्हालाही दिसत नाही. आणि दिसत असेल, तर मग अकराशे म्हणालात कसे?"

मागे बसलेला एक म्हातारा गाडीवान "हाण तिच्यायला!" म्हणून ओरडला. भिमाजीअण्णांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं, पण त्यांच्या मिशीखालचं हसू सगळ्यांना दिसलं.

"रजिया," हे म्हणाले, "आता तू."

मी कापूस स्पिरिटात भिजवला. चाकूच्या ओरखड्यावर बोळा घासला. मनात अल्लाचं नाव घेतलं आणि उलटा करून बघितला. जांभळा! पिकल्या जांभळानं जीभ होते तसा.

मी तो बोळा घेऊन सतरंजीवरच्या एकेका माणसापुढे गेले. "बघा. साग असता तर पिवळा आला असता. जंगली लाकूड असतं तर कापूस नुसता मळला असता. हे शिसव आहे." शेठपुढेही नेला. त्यानं बघितला नाही.

भिमाजीअण्णांनी बोळा हातात घेऊन उजेडाला धरला. "म्हंजी विलायती हाय का?"

"नाही अण्णा, इथलंच आहे, देशी सुताराचं," हे म्हणाले. अण्णांचा चेहरा पडलेला त्यांना दिसला नाही, पण आवाजातून कळला असावा. "विलायती असतं तर वरून शिसवाचं पातळ साल चिकटवलं असतं आणि आत हलकं लाकूड. त्यांच्याकडे शिसव बोटीनं जायचं, ते जपून वापरायचे. हे टेबल आतून बाहेरून एक आहे. खणाच्या तळाला, जिथं कुणी बघत नाही, तिथंही शिसवाची अखंड फळी आहे. आता श्रीमंती कुणाची म्हणायची, सांगा."

अण्णांनी पटका सारखा केला आणि टेबलाकडे असं बघितलं, जसं घरातलंच कुणी पहिल्या नंबरानं पास झालंय.

खुर्ची आम्ही चांगली सांगितली, लोखंडी मळसूत्र शाबूत आहे, वेत नवा विणला की झालं. कप्प्यांचं कपाट मात्र अगदी अलीकडचं, साधं देवदार. "ते जळणाच्या भावानं गेलं तरी देऊन टाका," मी सांगितलं. खोट्याला खोटं म्हटलं नाही तर खऱ्याला खरं म्हणायला तोंड राहत नाही, असं हे नेहमी म्हणतात.

"टेबलाची किंमत सांग, रजिया." हे माझ्याकडे वळून म्हणाले. मला आधी काही सांगून ठेवलं नव्हतं. मी गेल्या महिन्यातलं भिंगारचं टेबल आठवलं, ह्याची लांबी आठवली, दोन्ही बाजूंचे खण आठवले आणि म्हटलं, "एकट्या टेबलाचे तीन हजार. रंग काढून मिळाल्यावर." ह्यांनी मान डोलावली. पूर्वी डोलवायचे तशीच. म्हणजे तेव्हाही खरंच माझंच ऐकत होते.

"दोन हजार देतो, आत्ता, रोख," शेठ म्हणाला.

झालं! अकराशेत सगळं म्हणणारा माणूस एका टेबलाला दोन हजार म्हणाला. भिमाजीअण्णांनी हात जोडले. "शेठ, च्या घिऊन जावा. टेबल इकायचं न्हाई. आमचं आमी बसू त्याच्यावर. भाभी, ह्यो रंग निगल का?"

"निघेल. कॉस्टिक सोड्याला मात्र हात लावू नका. मी येऊन काचेनं खरवडून देईन."

राधाकृष्णाने कागद लिहिला आणि ह्यांच्यापुढे सरकवला. "दाखल्याव सही, हैदरभाई."

ह्यांनी चाचपून कागद माझ्यापुढे केला. "पारख तिची. सही तिची."

"बाईमानसाची सही?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"मग आंधळ्याची घेता?" हे म्हणाले.

भिमाजीअण्णा खो खो हसले. "भाभी, करा सही. वळणदार करा. सभेत दाखवायची हाय."

मी केली. रजिया हैदर, पूर्ण नाव, मराठीत. शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच.

घरी आल्यावर कडी लावली आणि मग तोंड सोडलं. काय काय बोलले ते आठवत नाही, बरंच बोलले. बायको म्हणजे भिंत आहे का, म्हटलं. गुडघ्याला तेल चोळत बसले मी, तुम्हाला जराही लाज वाटली नाही? मग रडू आलं ते थांबेना. हे शेजारी बसून होते. डॉक्टर म्हणाला, डोळ्यामागची नस सुकली आहे, गेलं ते परत येणार नाही, थेंबांनी फार तर उरलेलं टिकेल.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मला सांभाळायला लागली असतीस," म्हणाले. "मला तुला शिकवायचं होतं. वेळ थोडा होता."

रात्रीचं जेवण मी दोघांचं एकाच ताटात वाढलं.

रविवार, २६ डिसेंबर

आज विचारलं, "त्या वहीत सारखी काय खरडतेस?" वाचून दाखवावं लागलं. 'मुसळासारखा' आलं तेव्हा मी झटकन पुढे जायला बघितलं, पण ह्यांचे कान तिखट. "थांब, ते परत वाच." वाचलं. स्टुलाचं वाचलं, त्यावर म्हणाले, बैल वळसा घालून गेला असता हे खरं आहे. गुडघ्याच्या थेंबांवर एवढे हसले की ठसका लागला.

देवळालीचं सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, "तो निळा कसला निळा होता?"

मी विचार केला. "आपल्या लग्नात मामूंनी मला ट्रंक दिली होती ना, फुलांची? तिचा होता तसा."

"अरे, मग चांगला होता की. अण्णांना उगाच बोललो."

सोमवार, १० जानेवारी १९७२

देवळालीहून काल परत आले. पाच दिवस खरवडत होते, नखं गेली. पण रंगाखालून शिसव वर आलं तेव्हा अण्णांच्या घरच्या बायडाबाई ओवाळायचं तबक घेऊन आल्या. टेबलाला ओवाळलं आणि त्याच तबकानं मलाही. लोखंडी टेबलं घ्यायचं सोसायटीनं रद्द केलं. राहुरीच्या आणखी एका कचेरीनं निरोप पाठवलाय, आणि त्यात लिहिलंय, 'रजियाभाभींनी यावे.' बरोबर हैदरभाईंना आणावे, असंही आहे. त्यांचं नाव खाली आहे, हे मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं.

आज पेंटरला बोलावलं. दुकानाच्या पाटीवर 'हैदर' होतं, त्याच्याशेजारी 'रजिया' घालायचं. पेंटरनं विचारलं, अक्षरांना रंग कुठला? मी काळा म्हणणार होते. हे खुर्चीतून म्हणाले, "निळा. आकाशी."

पेंटर गेल्यावर हे उठले, दारापर्यंत आले आणि पाटी कुठे आहे ते विचारून हात वर केला. थांबा, ओलं आहे, म्हणेपर्यंत त्यांची बोटं माझ्या नावावरून फिरली होती. 'जि'ची वेलांटी फिसकटली. मी स्पिरिटचा बोळा घेऊन त्यांची बोटं पुसायला गेले, तर त्यांनी हात मागे घेतला.

"राहू दे," म्हणाले.